खांबावरच्या खुणा

वर्धमान मगदूमला संशयाचं व्यसन होतं. तंबाखू नाही, दारू नाही, चहासुद्धा बेतानंच. पण संशय मात्र सकाळी डोळे उघडल्यापासून लागायचा. गवळ्यानं दुधात पाणी घातलं असणार, शेजारच्यानं आपल्याच नळाला पाइप लावला असणार, गिऱ्हाईक हसतंय म्हणजे काहीतरी लपवत असणार. शिरोली एमआयडीसीत त्याचं गॅरेज होतं आणि त्याच्या संशयातून सुटलेला माणूस अख्ख्या जगात एकच होता, त्याचा भागीदार प्रसेनजीत कांबळे. दोघं आयटीआयला एका बाकावर बसलेले. वर्धमान त्याला जित्या म्हणायचा, तो याला वर्ध्या. शटरची एक किल्ली याच्याकडं, एक त्याच्याकडं, आणि इतक्या वर्षांत कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

हायवे चौपदरी झाला, गाड्या वाढल्या, तेव्हा दोघांनी मिळून हायड्रॉलिक लिफ्ट आणली. दोन लोखंडी खांब, त्यांना पुढं आलेले हात, त्या हातांवर गाडी बसायची. बटण दाबलं की पंप तेल ढकलायचा आणि गाडी डोक्याच्या वर जायची. ती जाताना खांबांच्या आत एक एक दाता मागं पडायचा आणि प्रत्येक दात्यात खटका बसायचा, खट, खट, खट. दोन्ही खांबांतले खटके एका बारीक तारेनं जोडलेले होते. ती तार वरून, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर ताणून नेली होती. गाडी उतरवायची तर दांडा ओढायचा, तार ताणली जायची, खटके सुटायचे.

बसवायला आलेल्या फिटरनं जाताना बजावलं होतं, की तेलावर भरवसा ठेवू नका. गाडी वर नेली की थोडी खाली सोडून खटक्यावर टेकवा, मगच माणूस खाली जाऊ द्या. वर्धमाननं गणपतीपर्यंत ते इमानानं पाळलं. मग कंटाळला. खटका आपोआप पडतोय, आवाज ऐकू येतोय, मग आणखी टेकवायचं कशाला, असं त्याचं म्हणणं पडलं. लिफ्ट चालवायचा मान त्यानं स्वतःकडं ठेवला होता. खाली उभं राहून गिअरबॉक्स उतरवायचं काम जित्याचं.

खंडेनवमीला वर्धमानची आई अक्काताई पूजेचं ताट घेऊन गॅरेजात आली. पाने, हातोडे, कॉम्प्रेसर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. जित्या नव्हता. दरवर्षी दसऱ्याला तो घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. लिफ्टची पहिलीच पूजा, म्हणून अक्काताईनं लाल फडक्यात मोठा नारळ बांधला, त्याला लिंबू-मिरची आणि झेंडूची जाड माळ जोडली आणि कुणाचीही नजर पडेल अशा जागी उंच टांगायला सांगितलं. वर्धमान शिडीवर चढला आणि त्यानं तो दोन खांबांच्या बरोबर मध्ये टांगला. अक्काताईनं खालून हात जोडले.

त्या दिवसापासून लिफ्ट कशी गपगुमान वर जायला लागली. दांडाही हलका झाला. वर्धमाननं पूजेच्या आधी सगळीकडं ग्रीस मारलं होतं, त्याचा हा गुण, आणि थोडा अक्काताईच्या हाताचा.

आठवडाभरातच तो प्रकार सुरू झाला. संध्याकाळी एक मारुती लिफ्टवर तशीच ठेवून दोघं घरी गेले. सकाळी वर्धमाननं शटर उघडलं तर गाडी वीतभर खाली. त्याला आधी वाटलं, आपल्या डोळ्यांचा खेळ. पण दुसऱ्या दिवशी त्यानं जाताना खांबाच्या मागल्या अंगाला, लिफ्टचा हात जिथं होता तिथं, खडूनं रेघ मारली. सकाळी हात रेघेच्या बराच खाली होता.

आता दुसरं कुणी असतं तर त्यानं तेल बघितलं असतं. वर्धमाननं माणसं बघितली. त्याचा हिशेब सरळ होता. खटका असताना गाडी दोन बोटांपलीकडं उतरूच शकत नाही. ती उतरली म्हणजे कुणीतरी दांडा ओढला. दांडा ओढला म्हणजे तो शटर उघडून आत आला. आणि दुसरी किल्ली कुणाकडं आहे, हे काय पंचांगात बघायला हवं होतं?

हा विचार आल्यावर त्याला एकदम वाईट वाटलं, आणि मग, खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटलं. अडलेली शिंक बाहेर पडावी तसं.

चहाच्या गाड्यावरच्या सयाजीनं त्यात आणखी तेल ओतलं. जित्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दोनदा दिसला म्हणे, जागा बघत फिरत होता. वर्धमानला सगळं उलगडलं. हा स्वतःचं गॅरेज काढणार. त्यासाठी रात्री इथं परभारे गाड्या आणतो, आपली गाडी उतरवतो, त्यांची चढवतो, पहाटे पुन्हा आपली चढवतो आणि घाईत खाली ठेवून जातो.

मग त्यानं पाळत सुरू केली. सकाळी जित्याच्या मोटारसायकलचा सायलेन्सर गरम आहे का, ते हात लावून बघायचा. बोट भाजायचं, कारण जित्या नुकताच घरून आलेला असायचा. एकदा अक्काताईच्या डब्यातली रांगोळी आणून लिफ्टभोवती भुरभुरली. सकाळी रांगोळी जशीच्या तशी आणि गाडी खाली. वर्धमाननं ठरवलं, की जित्या उडी मारून जातो.

पण जित्याला मात्र अवाक्षर विचारलं नाही. गाडी खाली येते हे आपल्याला कळलंय असं दिसलं, तर चोर सावध होईल. तो रोज सकाळी मुकाट्यानं गाडी पुन्हा वर घ्यायचा आणि संध्याकाळी नवी रेघ मारायचा. जित्या रोज खाली उभा राहून काम करायचा. एकदा वर बघत तो म्हणाला, "वर्ध्या, ही पयल्यागत वाजत न्हाय रं."

"ग्रीस मारलंय," वर्धमान म्हणाला, आणि मनात म्हणाला, बघा, कसा अंदाज घेतोय.

शेवटी एका सकाळी तो खिशात नवं कुलूप घालून आला. लिफ्टवर सुमो होती. त्यानं ती वर घेतली. जित्यानं आपलं उंच स्टूल खाली सरकवलं, पाने मांडले आणि आत शिरणार तेवढ्यात वर्धमाननं त्याला टेबलाजवळ बोलावलं. जित्या हात पुसत आला.

"किल्ली दे तुझी."

जित्यानं काही न विचारता खिशात हात घातला. तेवढ्यानंच वर्धमानचं डोकं फिरलं, कारण निरपराध माणूस आधी कारण विचारतो. तो भडाभडा बोलून गेला. रात्रीच्या गाड्या, कागलची जागा, गिऱ्हाइकं फोडणं, सगळं. जित्या ऐकत राहिला. कागलला तो धाकट्या बहिणीसाठी, साक्षीसाठी, खोली बघायला गेलता, एवढंच म्हणाला. तिला तिथल्या कारखान्यात नोकरी लागली होती.

"मग रातचं गाडी कोन उतरवतंय? भूत?"

जित्या उत्तर देणार, तोच त्याची नजर वर्धमानच्या खांद्यावरून मागं गेली. वर्धमान वळला.

सुमो खाली येत होती. दांड्याला कुणाचा हात नव्हता, पंप बंद होता, दोघं दहा पावलं लांब उभे होते. गुडघे दुखणारी म्हातारी बसते तशी ती आधी हळूहळू आली, मग एकदम बसली. जित्याचं स्टूल कडाडलं आणि पाने फरशीवर उडाले.

वर्धमान लिफ्टपाशी गेला आणि दांडा ओढून बघितला. तो नुसताच लटकत होता. त्यानं तारेवरून नजर वर नेली. तार सरळ नव्हती. मध्ये ती झोळीसारखी खाली आली होती आणि तिथं, त्यानंच बांधलेल्या गाठीला, लाल फडक्यातला नारळ लोंबत होता.

तो शिडीवर चढला. त्यानं नारळाखाली हात धरून तो थोडासा उचलला.

दोन्ही खांबांत एकदम खट झालं.

हात काढला. तार ताणली, काहीच वाजलं नाही. पुन्हा उचलला. खट. खंडेनवमीपासून दोन्ही खटके उघडे होते. गाडी नुसत्या तेलावर उभी राहायची आणि तेल कुठंतरी वॉल्वमधून हळूहळू माघारी जायचं; आज सुमोच्या वजनानं ते एकदम सुटलं होतं. वर्धमाननं गाठ सोडली आणि नारळ छातीशी धरून खाली आला. त्याला हसायचं होतं, माफी मागायची होती, आयुष्यात पहिल्यांदा आपण साफ चुकलो याचा त्याला खरोखर आनंद झाला होता. जित्या चोर नव्हता. त्याचा जित्या जागेवर होता.

जित्या खांबाच्या मागं उभा होता. तो खडूच्या रेघांवरून बोट फिरवत होता, एकीखाली एक मारलेल्या, काही पुसट, एक कालची.

"ह्या कशाच्या?"

"संध्याकाळी गाडी कुठं हुती, त्येच्या," वर्धमान सांगून बसला.

"म्हंजे ती खाली येती, हे तुला म्हाईत हुतं."

वर्धमानच्या हातातला नारळ एकाएकी जड झाला. त्यानं मान हलवली. मला वाटलं, खटका हाय, असं काहीतरी तो पुटपुटला.

"चोर म्हणालास, त्येचं काय न्हाय," जित्या म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तू आईवर बी संशय घेतोस. पर मी रोज खाली हुबा हुतो की रं."

त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, विखुरलेले पाने गोळा करून जागेवर लावले, मोडलेलं स्टूल भिंतीला टेकवलं आणि बाहेर गेला. वर्धमान त्याच्या मागं गेला नाही. काय करावं ते न सुचून त्यानं बटण दाबलं. सुमो वर जाऊ लागली आणि खटके बोलायला लागले, खट, खट, खट, अख्ख्या शेडमध्ये घुमत. फाटकापाशी जित्या मोटारसायकलवर बसून थांबला होता. आवाज बंद होईपर्यंत त्यानं ऐकलं, मागं वळून बघितलं नाही, आणि मग किक मारली.

उद्या तो येणार नाही, याबद्दल वर्धमानला मुळीच संशय नव्हता.