वाढत गेलेला लाकडी पाय

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे, पण मला लावून कुणी चालत नाही. माझ्यावर कातडं ताणून बूट शिवतात. कारागीर मला कलबूत म्हणतात. मी एकटाच आहे, उजवा, आणि वाकडा. हसू नका, मला मुद्दामच तसं घडवलंय.

बूट शिवणाऱ्या एका बापाच्या लेकीचं उजवं पाऊल जन्मतः आखूड आणि आत वळलेलं होतं. ते मांडीवर घेऊन त्याने मला तासलं. पाऊल वाढलं की तो माझ्यावर कातड्याचा नवा तुकडा चिकटवायचा. नवं कलबूत कर म्हटलं तर म्हणायचा, "हे तिच्याबरोबर वाढतंय, वाढू दे." दुकानात माझ्याइतके लाड कुणाचेच नव्हते.

तो गेला, दुकान मोडलं, आणि मी संग्रहालयाच्या कपाटात धूळ खात पडलो. मग तिथल्या ताईंनी सगळ्या वस्तूंचे फोटो इंटरनेटवर टाकायला घेतले. आपल्या मुलखातली जुनी कारागिरी लोकांना घरबसल्या बघता यावी, म्हणून. माझ्या फोटोखाली लिहिलं, 'नंतर चिकटवलेलं कातडं काढून मूळ लाकूड मोकळं करणार.' त्या कातड्यातच तर तिचं सगळं वाढणं होतं.

पुढचं मला नंतर कळलं. दूरच्या गावी एक नात आजीला ते फोटो दाखवत होती.

"थांब, मोठं कर," आजी म्हणाली. "हा माझा पाय आहे."

"काहीतरीच काय, आजी!"

आजीने बूट काढला. नातीने पाऊल पाहिलं, फोटो पाहिला आणि संग्रहालयाला फोन लावून सगळं सांगितलं.

"बरं झालं फोन केलात," ताई म्हणाल्या. "उद्याच कातडं काढणार होते."

आजीने फोन हातात घेतला. "काढू नका हो. बाबा गेल्यापासून तयार बुटात चिंध्या कोंबून पाय फरफटतेय मी."

ताईंनी कातड्याला हात लावला नाही. माझे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मापं पाठवली. तिकडच्या कारागिराने त्यावरून नवा बूट शिवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. पण काही खरवडण्याआधी ते कुणाचं आहे, एवढं विचारा.

आता मला दालनात काचेमागे मांडलंय. परवा तिथे पावलं वाजली. दोन्ही सारखीच, बाबा असताना वाजायची तशी. ती काचेसमोर येण्याआधीच मी तिला ओळखलं.