पंप का

मिस्त्रींना घरीदारी सगळे मिस्त्रीच म्हणायचे. बायकोसुद्धा रागावली की "ऐकलंत का मिस्त्री" म्हणायची. एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात काढली होती. निवृत्तीनंतर दीड वर्षाने एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोरच कोसळले. त्यानंतर उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावं अंगही जवळजवळ लुळं पडलं, त्या हाताचा अंगठा तेवढा कामाचा उरला. डोकं मात्र अगदी शाबूत होतं. पण ते शाबूत आहे, हे सांगायचं कसं?

त्यासाठी संगणक आला. वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी तो त्यांच्या संस्थेकडून उसना मिळवून दिला होता. पडद्यावर अक्षरांचा तक्ता, त्यावर ओळीमागून ओळ उजळत खाली सरकायची. हवी ती ओळ आली की अंगठ्याखालचं बटण दाबायचं, मग ओळीतली अक्षरं एकेक उजळायची, तेव्हा पुन्हा दाबायचं. एक शब्द जुळवायला दोन-तीन मिनिटं लागत. शब्द झाले की संगणक एका सपाट, कोरड्या आवाजात ते बोलून दाखवायचा. पहिल्याच दिवशी मिस्त्री म्हणाले, "सूप खारट." बायको रडली आणि लगेच म्हणाली, "बोलायला लागले नाहीत तोच खोड्या काढायला सुरुवात!"

पंधरा दिवस बरे गेले. मग संगणक मधेच बंद पडू लागला.

आधी उजळलेली ओळ जागच्या जागी गोठायची. पडदा निळा व्हायचा, त्यावर इंग्रजीत काहीबाही यायचं, आणि संगणक आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा. सुरू होताना 'डिस्क तपासतोय, थांबा' म्हणत सहा-सात मिनिटं खायचा. अर्धवट लिहिलेलं सगळं गेलेलं असायचं.

मुलाने संगणकाच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने मेमरी बदलली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग त्याने फॉरमॅट मारला, सगळं नव्याने टाकलं. पुन्हा तेच. शेवटी तो खोकं उचलून दुकानात घेऊन गेला. पाच दिवस मिस्त्री मुके पडून होते. तिथे संगणक रात्रंदिवस चालला, एकदाही हूं की चूं केलं नाही. घरी आणला, जोडला, आणि तासाभरात पडदा निळा.

"मशीनमध्ये काही नाही," दुकानदार फोनवर म्हणाला. "वापरणाऱ्याकडून काहीतरी होत असणार."

मिस्त्रींना कारण त्याच आठवड्यात कळलं होतं.

त्यांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पलंगावर हवेची गादी होती. तिचा पंप बुटाच्या खोक्याएवढा होता आणि दिवसभर घुंघुं करत असायचा. दर दहा मिनिटांनी तो गादीच्या एका भागातली हवा सोडून दुसऱ्या भागात भरायचा, तेव्हा आत खट्ट व्हायचं आणि घुंघुं जाड व्हायची. फरशी पुसताना भिजू नये म्हणून बायकोने तो उचलून संगणकाच्या खोक्यावर ठेवला होता. खोकं मिस्त्रींच्या उशाशी. पंपाचं खट्ट झालं की खोक्याच्या आतून बारीक टक, टक, टक असा आवाज यायचा, काहीतरी फिरणारं मंदावल्यासारखं वाटायचं, समोरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबून एकसारखा पेटून राहायचा, आणि ओळ गोठायची. दर खेपेला असं होत नसे. पण जेव्हा होई, तेव्हा पंपाच्या खट्टनंतरच. भिंतीवरच्या घड्याळावर त्यांनी दोन दिवस हिशोब लावून पाहिला होता. आत काहीतरी ढिलं आहे आणि पंपाच्या हादऱ्याने त्याचा संपर्क तुटतो, हे लिफ्टच्या मिस्त्रीला वेगळं शिकवायला नको होतं.

सांगायचं ते फक्त दोन शब्दांत मावत होतं.

पहिल्यांदा त्यांनी घाईने 'पंप' एवढंच लिहिलं. संगणक म्हणाला, "पंप." बायको धावत आली. "हवा कमी वाटतेय का? दुखतंय का पाठीला?" आणि तिने पंपाचा जोर वाढवून ठेवला. पंप दुप्पट जोराने गुरगुरू लागला. आता जवळजवळ दर खेपेला संगणक कोसळू लागला. सुरू व्हायला सात मिनिटं, बायकोने येऊन तक्ता उघडायला एखाद मिनिट. त्यातून त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं उरत.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मोठ्या मुश्किलीने 'पंप खाली' एवढं पुरं केलं.

"खाली झाली? टाकी?" बायको म्हणाली. "अगं बाई, तुम्हाला कसं कळलं? नळाचा आवाज ऐकलात का?" ती पाण्याची मोटर लावून आली. टाकी योगायोगाने खरंच रिकामी होती, त्यामुळे दिवसभर ती ज्याला त्याला नवऱ्याच्या तल्लख कानाचं कौतुक सांगत राहिली. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या खेपेला त्यांनी ठरवलं, स्पष्ट लिहायचं: पंप काढा. घाईत दोनदा चुकीची ओळ दाबली गेली. प, अनुस्वार, प. मोकळी जागा. क. काना. तक्त्यात 'ढ' चौथ्या ओळीत होता. दुसरी ओळ उजळली, तिसरी उजळली, आणि उशाशी खट्ट झालं. टक, टक, टक.

गोठलेल्या पडद्यावर 'पंप का' एवढंच राहिलं होतं. बायकोने वाचलं.

"पंप का? असं काय विचारता हो? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. तुम्हाला सांगितलं होतं ना?" तिने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. "विसरलात होय."

मिस्त्रींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते पुसलं आणि डोळे चुरचुरत असतील म्हणून दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब घातले.

त्या संध्याकाळी मुलगा पाळीवरून आला. आईने सगळं सांगितलं. तो खोलीतच, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून संस्थेच्या बाईंशी फोनवर बोलला. "बाई, बाबांना ते जमत नाही हो. बटण दाबत सुटतात, मशीन गोंधळतं. आता तर आधीचं सांगितलेलंही विसरायला लागलेत. चिडतात, रडतात. त्यापेक्षा तुम्ही शनिवारी घेऊन जा. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल." मुलगा वाईट नव्हता. आठवडाभर दोन-दोन पाळ्या करून त्याचे डोळे लाल झाले होते. फोन ठेवून त्याने वडिलांचं पांघरूण नीट केलं, संगणकाची वायर काढली आणि म्हणाला, "कशाला जिवाला त्रास, बाबा?"

बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार दुपारपर्यंत मिस्त्री छताकडे बघत पडून होते. बंद खोक्यावर पंप आपला खट्ट करत होता. ते डोळ्यांनी पंपाकडे रोखून पाहायचे. पंपाच्या बरोबर वर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून बायको वेळ सांगायची. "साडेअकरा झाले. जेवायला अजून अवकाश आहे."

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं घाबरून आरडाओरडा करायची. मिस्त्री दाराला तोंड लावून सगळ्यात आधी त्यांनाच विचारायचे, थांबण्याआधी आवाज कसला आला? बाहेरच्याला तासभर शोधूनही सापडत नाही, ते आतल्याला ठाऊक असतं. इथे बाहेरच्यांपैकी कुणी दाराला तोंड लावायलाच तयार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी दुकानदाराऐवजी त्याची थोरली बहीण आली. दुकानातलं बारीकसारीक काम तीच करायची. संगणक परत करण्यापूर्वी मिस्त्रींचं त्यातलं सगळं पुसून द्यायचं होतं. तिने वायर जोडली, खुर्ची ओढून बसली. मुलगा दारात उभा होता. चार मिनिटांनी खट्ट झालं आणि पडदा निळा झाला.

"बघा, हे असं," मुलगा म्हणाला. "बाबा बटण दाबत राहतात."

तिने मागे वळून पाहिलं. "पण बटण तर पांघरुणावर घरंगळलंय. काकांचा हात पोटावर आहे."

ती उठून पलंगाजवळ आली आणि वाकून थेट मिस्त्रींच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "काका, हे कशाने होतं, तुम्हाला माहीत आहे का?"

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि उघडले.

"एकदा मिटले म्हणजे हो," बायको घाईने म्हणाली. "दोनदा म्हणजे नाही."

"बंद पडायच्या आधी आवाज येतो?"

हो.

"खोक्यातून?"

हो. आणि मग मिस्त्रींनी नजर वर नेली, पंपावर रोखली, पुन्हा तिच्याकडे आणली, पुन्हा पंपावर नेली. "अजून जेवायला..." बायकोने सुरुवात केली. पण दुकानदाराच्या बहिणीने पंपावर तळहात ठेवला होता. दहा मिनिटं तिघंही तशीच थांबली. खट्ट झालं. तिने दुसरा हात खोक्यावर ठेवला. टक, टक, टक.

"अगं आई गं," ती म्हणाली.

पंप खाली उतरवून तिने खोकं उघडलं. आतली डिस्क चारांपैकी एकाच स्क्रूवर लटकत होती आणि तिच्या वायरीला घट्ट धरणारी चिमटी तुटलेली होती. मग तिने संगणकातली बिघाडांची नोंदवही उघडून मुलाला दाखवली. डिस्कशी संपर्क तुटला, पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. ओळीच्या ओळी, आणि दोन नोंदींमध्ये बहुतेक दहा किंवा वीस मिनिटांचं अंतर. "दुकानात पंप नव्हता, म्हणून तिथे गुपचूप चालला. माझ्या भावाने दोनदा हे उघडलं आणि त्याला स्क्रू दिसले नाहीत. त्याच्याकडे मी बघते." बायको म्हणाली, "मीच ठेवला होता हो तो. आणि वर जोरही मीच वाढवला."

शनिवारी सकाळी दुकानदाराची बहीण फिरणारा भाग नसलेली नवी डिस्क घेऊन आली, जुन्या डिस्कवरचं जेवढं वाचवता आलं तेवढं तिच्यावर घेतलं आणि वायर बदलली. मुलाने संस्थेच्या बाईंना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत संगणक एकदाही अडखळला नाही. मग मुलगा पलंगाजवळ येऊन उभा राहिला.

"बाबा, मला वाटलं की तुम्ही..."

ओळ उजळू लागली. मुलगा थांबला. पाच मिनिटं गेली, सात गेली. मधे त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. शेवटी तो सपाट आवाज म्हणाला, "तू मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," मुलगा म्हणाला.

मिस्त्री पुन्हा लिहू लागले होते. "पंप पायाशी. पलंगाला पट्टीने बांध."

मुलाने पट्टी, पाना आणि दोन नटबोल्ट आणले. पलंगाच्या पायथ्याच्या दांडीला पंप टांगायचं काम एरवी दहा मिनिटांचं, पण त्याला पाऊण तास लागला, कारण दर टप्प्याला तो थांबायचा आणि वडिलांच्या अक्षरांची वाट बघायचा. "वर." "अजून." "खाली फडकं घाल." एकदा तो पाना घेऊन बराच वेळ झटत राहिला, नट काही बसेना.

"उलटा फिरवतोस, गाढवा," संगणक म्हणाला.

स्वयंपाकघरातून बायको इतकी मोठ्याने हसली, की तिच्या हातातली झाकणी खाली पडली.

काम झालं, मुलगा झोपायला गेला. मिस्त्री होते तसेच उताणे पडून होते. कूस बदलायला अजूनही कुणीतरी यायला हवं होतं, आणि अंगठ्यात पेटका आला होता. पडद्यावर पहिली ओळ उजळली, दुसरी उजळली. त्यांनी अंगठा जरा वेळ विसावू दिला, मग बायकोला हाक मारायला पहिलं अक्षर धरलं.