काकांच्या पायाचे साचे

टाच

बाबा गिऱ्हाइकाच्या पायाशी जमिनीवरच बसायचे. स्टूल होतं, त्यावर चहाचे कप असायचे. टाच तळहातावर घ्यायची, दुसऱ्या हाताने बोटं चाचपायची आणि पायालाच विचारायचं, "काय रे, कुठं दुखतं?" गिऱ्हाईक हसायचं, पाय सैल सुटायचा. मापाला तेवढंच हवं असायचं.

चामडं आणि चिकटवायचा सरस. तो वास अजून कुठेही गाठतो, नव्या बॅगेत, जुन्या गाडीत. मग मी शाळेच्या गणवेशात त्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसलेली असते.

भिंत

भिंतीवर खिळ्यांना लाकडी पाय टांगलेले, बुटांचे साचे. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाचा आपापला जोड, त्यावर चढवून त्याचे बूट शिवायचे. माणसाचं हाड वाढलं की बाबा साच्यावर त्या जागी चामड्याचा तुकडा ठोकत. पुढचा बूट तिथे ऐसपैस होई.

दाराजवळच्या पहिल्या खिळ्यावर काकांचा जोड. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते भांडून वेगळे झाले, तरी त्यांचे पाय तिथेच.

जीभ

बुटाला जीभ असते, पण ती दोऱ्यांखाली दबून राहते. काकांच्या जिभेला दोऱ्या नव्हत्या. पलीकडच्या रस्त्यावर दुकान थाटलं आणि बाजारभर सांगत सुटले, "दादाच्या बुटाच्या तळात पुठ्ठा असतो." धादांत खोटं. गिऱ्हाइकं गळाली.

माझी ताई तडकायची. "बाबा, तुम्ही तोंड का उघडत नाही?"

बाबांच्या ओठांत खिळे असायचे. "उघडलं तर सांडतील, बाई."

मान

हे आधीच सांगायला हवं होतं. दर रविवारी काका चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर. प्रभुभोजनासाठी ते उठून वेदीकडे निघाले, की बाबांची मान खाली जायची. काका परत येऊन बसेपर्यंत खालीच.

"खोटं त्यांचं आणि मान खाली आपली," ताई कुजबुजायची. आई चिमटा काढायची. ताई "आमेन" जरा जोरातच म्हणायची.

काल

बाबा गेले. दुकान ताई चालवते. मी माहेरी आले की लहान-मोठे खिळे वेगळे करत बसते.

काल दारात काका. पायात सपाता, त्याही एका बाजूने कापलेल्या. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं.

"मुलीचं लग्न आहे," ते म्हणाले. "तिचा हात धरून चर्चमध्ये न्यायचंय. माझ्या कारागिरांचा एकही बूट पायात जात नाही गं. सपाता घालून कसा चालू?"

"पुठ्ठ्याचे करून घ्या," ताई म्हणाली.

काकांनी पाय मागे घेतला.

"ताई, अगं..."

"तू खिळे निवड." तिने पहिल्या खिळ्यावरचा जोड ओढून काढला. "हे तुमचे घेऊन जा. उगाच अडगळ."

द्यायला हात पुढे केला, आणि तिचा अंगठा साच्यावर अडला. साच्याच्या अंगठ्यापाशी, मुळाशी, चामड्याचा तुकडा. त्यावर दुसरा. त्यावर आणखी एक, सगळ्यात वरचा अजून फिकट.

"माप कधी दिलंत?"

"कुणाला, दादाला? वेगळे झाल्यावर या दुकानात पाऊल नाही टाकलं मी."

ताईने माझ्याकडे पाहिलं. वेदीकडे जाणारे बूट. कुठे फुगलेत, भार कुठे टाळतात. खाली घातलेली मान.

"पाय बघायचे गं ते," ताई म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "आणि मी बाबांवर चिडायचे."

काकांनी साचा हातात घेतला. वरच्या तुकड्यावरून बोट फिरवत राहिले.

पुन्हा टाच

ताई जमिनीवर बसली.

"अगं, वर बस, स्टूल आहे ना."

"त्यावर कप आहेत. पाय द्या इकडे."

तिने टाच तळहातावर घेतली, साचा शेजारी धरला. बाबा गेल्यानंतर वाढलेलं हाड साच्यावर नव्हतं. तिने नवा तुकडा कापला.

"बाळा, ते पुठ्ठ्याचं मी..." काका पुढे वाकले.

ताईने माझ्यापुढच्या ढिगातले दोन बारीक खिळे उचलले, ओठांत धरले आणि मान खाली घातली.