वीणा खाली टेकवायची नसते

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि बेलपाड्याचं देऊळ समोर आणा. मागे खारघरचे उंच टॉवर, पुढे हे लहानसं हनुमानाचं देऊळ, आणि आत सप्ताह चालू. सात दिवस नाम थांबवायचं नाही, वीणा जमिनीला टेकवायची नाही, हा गावाचा नेम. म्हणून तासातासाच्या पाळ्या लागतात. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तेव्हा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. वय कोणी विचारत नाही.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार बारा साली, सहावीतल्या मनस्वीला पहिल्यांदा पाळी मिळाली. दुपारी दोन ते तीन. ती गाणं शिकत होती आणि तिचा आवाज खरंच गोड होता. सगळे तसं म्हणायचे. ऐकून ऐकून तिलाही ते फार पटलं होतं.

तीनची पाळी ठमाआजीची. आजी पनवेलच्या बाजारात सकाळभर भाजी विकून, घरी अंघोळ करून वेळेवर हजर झाली. पण पावणेचारला मनस्वीच्या शाळेतल्या मैत्रिणी येणार होत्या, आणि तेव्हा वीणा तिला स्वतःच्याच गळ्यात हवी होती. मागे बसलेल्या बायका टाळावर नाम म्हणत होत्या. त्या आवाजात ती आजीजवळ सरकून हळूच म्हणाली, "आजी, तुमचा सूर लागत नाही. मीच उभी राहते."

आजीने मान डोलावली, एक टाळ उचलला आणि खांबाशी बसली.

साडेतीन वाजले. मनस्वीच्या पोटऱ्या भरून आल्या, खांदा दुखू लागला, घशाला कोरड पडली. तरी ती दाराकडेच बघत होती. तेवढ्यात गळ्यातला पट्टा निसटला आणि घामेजलेल्या हातातून वीणा सटकली. वीणेचा भोपळा खाली येतोय, आता टेकणार, आणि खालून दोन खरखरीत हात आले. आजी कधी उठून जवळ येऊन उभी राहिली होती, ते तिला कळलंही नव्हतं.

मनस्वीने वीणा आजीच्या गळ्यात घातली. आता आजी रागावणार, असं तिला वाटलं. आजी वाकली आणि तिच्या पायांना हात लावला.

"गुडगं लय दुखत व्हतं बाय," आजी म्हणाली. "माज्या वाटचा अर्दा तास तू उबी ऱ्हायलीस. तुजं उपकार हाय."

आजी हे मनापासून बोलत होती. म्हणूनच मनस्वीला मान वर करवेना. आपण कशासाठी उभ्या राहिलो होतो, ते फक्त तिला आणि समोरच्या मारुतीला माहीत होतं.

तिने आजीच्या पायांवर डोकं टेकलं, नेमापेक्षा बराच जास्त वेळ. मग आजीने ठेवलेला टाळ उचलून ती खांबाशी जाऊन बसली. पावणेचारला मैत्रिणी आल्या. मनस्वीने सरकून त्यांना जागा दिली, आणि आजीचा जसा लागेल तसा सूर धरून तिच्यामागे नाम म्हणू लागली.