भरून चार चमचे

रुद्र झोपेत पाय झाडून पहिल्यांदा कण्हला की लंकाबाई उठायची, आणि त्याने खरोखरीचा टाहो फोडायच्या आत दुधाची बाटली त्याच्या तोंडात असायची. तिच्या जावयाने, सुनीलने, एकदा घड्याळात बघून वेळ मोजली होती. दीड मिनिट. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर काम करायचा आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "आई, इतक्या वेळात आमच्याकडे एक व्हॉल्व्ह उघडत नाही," असं तो म्हणाला, तेव्हा लंकाबाईने "काहीतरीच तुमचं" म्हणून पदर तोंडाला लावला. मग दुपारी वणीजवळच्या आपल्या गावी फोन करून तिने ते वाक्य दोन जणींना जसंच्या तसं सांगितलं.

दोन हजार चार सालचा जानेवारी होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण मोठा दवाखाना जवळ हवा म्हणून यावेळी माहेरच उठून नाशिकरोडला, जेल रोडवरच्या दोन खोल्यांत आलं होतं. बाळंतपण सुखरूप झालं. रुद्र महिन्याचा झाला आणि मोहिनीला, लंकाबाईच्या लेकीला, ताप भरला. तो पंधरा दिवस हटला नाही, आणि हटला तेव्हा तिचं दूध आटून गेलेलं होतं. डॉक्टरांनी पावडरच्या दुधाचा डबा लिहून दिला.

डब्यावरचं सगळं इंग्रजीत, आणि लंकाबाईची शाळा चौथीपर्यंतची. मोहिनीने अंथरुणात पडल्या पडल्याच तिला समजावलं होतं. "तीस मिली पाण्याला एक चमचा. म्हणजे एकशे वीसच्या रेघेपर्यंत पाणी आणि चार चमचे. आधी पाणी, मग पावडर. चमचा डब्यातलाच घे, आई. आणि भरून घे." हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती, असं लंकाबाईला वाटलं. पण तापाने गळून गेलेल्या पोरीशी कोण वाद घालणार?

तिने दोन दिवसांत आपली रीत बसवली. सकाळी एका पातेल्यात बाटल्या, बुचं आणि निपल उकळायचे, सांडशीने काढून धुतलेल्या फडक्यावर पालथे घालायचे. दुसऱ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळायचं. त्यातलं निम्मं थर्मासमध्ये, निम्मं स्टीलच्या तांब्यात झाकून गार व्हायला. पोरगं चुळबुळलं की तांब्यातलं गार पाणी साठच्या रेघेपर्यंत, वरून थर्मासमधलं गरम एकशे वीसपर्यंत, मग पावडर, बूच, चार हिसके, मनगटावर एक थेंब. गॅस पेटवायला नको की बाटली नळाखाली धरून निववायला नको. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. खळ्यावर वीस माणसांचा चहा ज्या बाईने तीस वर्षं वेळेवर पोचवला, तिला एका बाटलीचं काय?

आणि तरीही रुद्रचं काहीतरी बिनसलं होतं.

आधी त्याची शी घट्ट झाली, मग खड्यांसारखी. कुंथताना लालबुंद व्हायचा, पाय पोटाशी ओढायचा आणि असा रडायचा की मोहिनीही रडू लागायची. आता तर चार दिवस शीच झाली नव्हती. त्यात बाटली संपवूनही पोराचं समाधान नाही. मूठ तोंडात घालून चोखत राहायचं. शेजारणीने नजर काढायला सांगितली, ती काढून झाली. मग एका संध्याकाळी मोहिनीने सहज विचारलं, "आई, पाणी नीट उकळतेस ना गं?"

तिने सहजच विचारलं होतं. पण लंकाबाईच्या काळजात ते रुतून बसलं. तिने पाणी दुप्पट वेळ उकळायला सुरुवात केली. पोराचं पोट भरत नाही या विचाराने चमचाही आणखी मायेने भरू लागली. आपल्या हाताने या लेकराला काही झालं तर, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात घोळायचा. गावी फोन करणं तिने बंद केलं.

पाचव्या दिवशी तिघं रुद्रला घेऊन दवाखान्यात गेली. लंकाबाईने थर्मास, तांब्या, डबा आणि बाटली पिशवीत घेतली होती, कारण दवाखान्यात किती वेळ बसावं लागेल याचा नेम नाही. डॉक्टरांनी रुद्रचं पोट चाचपलं, जीभ पाहिली.

"पोट कडक आहे. जीभही कोरडी वाटतेय. आज घाबरण्यासारखं काही नाही, पण असंच राहिलं तर दाखल करून रक्त तपासावं लागेल."

एवढ्याशा जिवाच्या हाताला सुई टोचणार, हे लंकाबाईच्या डोळ्यांसमोर आलं. डॉक्टर लिहिता लिहिता विचारत होते. बाटल्या दिवसाला किती? सहा. एका वेळी किती? एकशे वीस. आणि हा अर्ध्या किलोचा डबा किती दिवस पुरतो?

"तीन दिवस," सुनील म्हणाला. हे त्याने मोजलेलंच होतं.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "साडेचार-पाच दिवस जायला हवा. दूध कोण करतं?"

मोहिनी आणि सुनील, दोघांनीही लंकाबाईकडे पाहिलं. तिला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. डॉक्टर मात्र मऊ आवाजात म्हणाले, "आजी, सामान आणलंय ना? मग घरी करता तसंच इथे करून दाखवा मला."

तिने टेबलावर सगळं मांडलं. थर्मासचं झाकण फिरवताच हातांना आपलं काम आठवलं. गार पाणी, गरम पाणी, एकशे वीसची रेघ. डबा उघडला, चमचा बुडवला.

"लाभ," ती पुटपुटली आणि पहिला चमचा बाटलीत ओतला.

"थांब, थांब!" मोहिनी उठूनच उभी राहिली. "आई, हे लाभ वेगळं धरतेस तू? लाभ, मग एक, दोन, तीन, चार? असे पाच चमचे घालतेस?"

"लाभ म्हंजेच एक," लंकाबाई दुखावून म्हणाली. "पैल्या मापाला एक म्हनत नाय, लाभ म्हनायचं. त्याच्यामागून दोन. येवढं कळत नाय का मला?"

"करू द्या त्यांना," डॉक्टर म्हणाले.

"दोन. तीन. चार." चारच झाले. मोहिनीने चूक सापडली म्हणून केवढा सुस्कारा सोडला होता, तो तिला परत घ्यावा लागला. डॉक्टरांचं मात्र मोजण्याकडे लक्षच नव्हतं. ते चमच्याकडे बघत होते.

"आजी, अजून एक चमचा भरा. बाटलीत टाकू नका, नुसता धरा."

लंकाबाईने भरून धरला. इवल्याशा चमच्याच्या काठावर पावडरची टेकडी उभी होती, आणि त्यातला कणही खाली पडत नव्हता.

"हे वर काय आहे?"

"शीग हाय," लंकाबाई म्हणाली. इतका शिकलेला माणूस हे काय विचारतो, असं तिला वाटलं. "शिगेशिवाय माप आसतं का?"

तिच्या गावात नसायचंच. सोंगणीला आलेल्या बायांना मजुरीची बाजरी मोजून द्यायचं काम तिच्याकडे असे, आणि पायलीवर आणखी एक दाणाही ठरेनासा होईपर्यंत ती माप उचलत नसे. मापावरून हात फिरवून सपाट करणारी एक जाऊबाई होती; तिच्या रानात बाया यायला नाखूश असत आणि तिचं नाव घेताना गावात आजही लोक तोंड वाकडं करतात. भरलेलं माप म्हणजे शिगेचं माप. परक्या बाईच्या ओटीत जे शिगेने घातलं, ते पोटच्या लेकीच्या लेकराला सपाट घालायचं? हा विचार लंकाबाईच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

डॉक्टरांनी टेबलावर कागद पसरला. तिच्याकडून शिगेचे चार चमचे त्यावर घालून घेतले. मग तोच चमचा त्या ढिगात बुडवून, पट्टीच्या काठाने सपाट करून, एकेक बाजूला ठेवत गेले. सुनील मोजत होता. चार झाले, पाच झाले, आणि कागद रिकामा झाला तेव्हा सहा भरले होते.

"चाराच्या जागी सहा जात होते," डॉक्टर म्हणाले. "दूध फार दाट होत होतं. बाटलीनंतर तो मूठ चोखायचा ना? त्याला भूक नव्हती लागत, आजी. तहान लागत होती. पोरगं पाणी मागत होतं आणि तुम्ही त्याला जेवायला वाढत होता."

"म्हणजे रक्त तपासायचं नाही?" सुनीलने विचारलं.

"सध्या नाही. चमचा सपाट करा, लघवी किती वेळा होते ते लिहून ठेवा, आणि दोन दिवसांत फरक पडला नाही तर परत या. पण पडेल." मग त्यांना हसू आलं. "डबा पुरावा म्हणून चाराऐवजी तीन घालणारे मला रोज भेटतात. सहा घालणारी आजी पहिल्यांदाच पाहिली. पण आजी, भरून घ्यायचं असं सांगितलं कुणी तुम्हाला?"

मोहिनी खाली बघू लागली. लंकाबाईने तिच्याकडे पाहिलंदेखील नाही.

"कुनी नाय," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

रिक्षात बसल्यावर सुनीलचा जीव इतका भांड्यात पडला होता की तो रुद्रशी मोठमोठ्याने बोलत होता. मोहिनी रिक्षाबाहेर बघत होती. लंकाबाईलाही हायसं वाटलं होतं. लेकराला रोग नव्हता, सुई टळली होती, याहून काय हवं? पण ते सुख धड अनुभवता येईना. रोग नव्हता, म्हणजे जे काही होतं ते तिच्या हाताचंच होतं.

घरी आल्यावर मोहिनी म्हणाली, "आता मी करते दूध." आणि लंकाबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिली.

मोहिनीने गॅस पेटवला. पाणी उकळलं, मग नळाखाली धरून निववलं, मग ते फार गार झालं म्हणून परत तापवलं. तोवर रुद्रने इमारत डोक्यावर घेतली. घाईत मोहिनीने आधी पावडर घातली आणि वरून पाणी, त्याच्या गुठळ्या झाल्या, निपलमध्ये गुठळी अडकली, बाटली ओतून पुन्हा सगळं पहिल्यापासून. लंकाबाईने ओठ घट्ट मिटून धरले होते. एकदा हात पुढे गेला, तो तिने मांडीखाली दाबून ठेवला. चमच्यावरून सुरीची पाठ फिरली आणि वरची पावडर डब्यात परत पडली, तेव्हा पोराच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं तिला वाटलं. वीस मिनिटांनी बाटली तयार झाली. रुद्रने ती संपवली आणि मूठ तोंडात न घालता झोपला. लंकाबाई कितीतरी वेळ त्याच्या उघड्या तळहाताकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सुनीलने कॅलेंडरवर लघवीच्या सात रेघा ओढल्या. मोहिनी दिवसभर बाटल्यांशी झगडत होती आणि आईशी कामापुरतंच बोलत होती. लेकीला आपल्या हाताची भीती वाटते, असं लंकाबाईने मनाशी धरलं. वाटणारच, तिने स्वतःलाच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजीच्या मांडीवर रुद्र कुंथला. तिघंही जागच्या जागी थिजली. तो एकदा लाल झाला, आणि मग कुठलाही त्रास न होता त्याने इतकी दणकून शी केली की लंगोट, दुपटं आणि आजीचं लुगडं, तिन्ही गेली. वर पोरगं चक्क हसलं.

"झाली!" सुनील ओरडला. "मऊ आहे! मोहिनी, मऊ आहे!" एवढ्या आनंदाने हा शब्द त्या इमारतीत कुणी उच्चारला नसेल. शेजारीण दार उघडून काय झालं विचारायला आली, तर त्याने तिलाही सांगितलं.

लंकाबाई तशीच भरल्या लुगड्याने बसून होती. हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मोहिनी ओला कपडा घेऊन आली, तिच्यासमोर बसली आणि लुगडं पुसता पुसता एकदम म्हणाली, "डॉक्टरांसमोर माझं नाव का नाही घेतलंस?"

"कशाला घ्यायचं?"

"भरून घे असं मीच सांगितलं होतं. मला आठवत होतं, तरी मी गप्प बसले. दोन दिवस तुझ्याकडे बघवत नाहीये मला."

लंकाबाईने लेकीकडे पाहिलं. "म्हनून बोलत नव्हतीस व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, आता माझ्या हातचं नको तुला."

"तुझ्या हातचं नको?" मोहिनीने कपडा खाली टाकला. "आई, दोन दिवसांत ते पोर जेवढं माझ्या बाटलीची वाट बघत रडलंय, तेवढं जन्मात रडलं नव्हतं. मला नाही गं जमत तुझ्यासारखं. दहा वाजता लागेल त्याला. ऊठ, लुगडं बदल आणि पाणी ठेव."

लंकाबाई उठली.