शर्ट खाली ओढणारी ताई

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पण चौकात उभा असतो तसला नव्हे. माझ्या डोक्यावर कबुतरे बसत नाहीत, कारण मी आयुष्यभर आडवाच पडून राहिलो. मरून पडणे हेच माझे काम.

रबर आणि कापूस भरून एका कारखान्यात मला बनवले आणि पेटीत घालून एका कॉलेजात पाठवले. तिथे गुन्हे आणि न्याय या विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. तो पुरा केला की तुरुंगात रक्षकाची, कोर्टात कारकुनाची किंवा पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत मदतनिसाची नोकरी मिळे. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या वस्तू. प्रयोगशाळेत एक खोटी खोली मांडलेली असे आणि तिच्यात मी पडलेला असे. मुले आत येत, फोटो काढत, टेपने अंतर मोजत. "मामा, आज कशाने गेलात?" असे विचारून हसत. मी सोमवारी सुरीने मरत असे आणि गुरुवारी विषाने. मला कशाचेच काही वाटत नसे. मेलेले कोंबडे आगीला भीत नाही म्हणतात, तसे.

शिकवणारे साहेब निवृत्त पोलीस अधिकारी होते. त्यांचा एकच नियम होता. "खोलीत शिरताना हात खिशात. आधी डोळे, मग फोटो, मग हात." जो विसरेल त्याला ते दाराबाहेर काढत.

एका वर्षी त्या मुलांमध्ये एक बाई आली. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. तिच्या कपड्यांना खिसे नव्हते, त्यामुळे ती हात पाठीमागे धरून उभी राही. अकरा वर्षे तिने रुग्णालयात आयाचे काम केले होते. दुपारी सगळे जेवायला गेले की ती एकटीच माझ्याजवळ सराव करत बसे. एकदा टेप गुंडाळता गुंडाळता ती मला म्हणाली, "माझा धाकटा भाऊ जिन्याखाली पडलेला सापडला. पडला की कुणी ढकललं, कळलंच नाही. पोलीस यायच्या आत मी त्याचं तोंड पुसलं, शर्ट नीट केला, उचलून खाटेवर ठेवलं. मग ते विचारायला लागले, काय कुठे होतं. मीच सगळं पुसलं होतं, मामा."

तिचा आवाज दुकानातली यादी वाचावी तसा होता. ती रडली नाही. माझ्यासारखीच झाली होती ती, आतून बोथट.

शेवटची परीक्षा आली. ती पास केली की मुद्देमालाच्या खोलीतली जागा ताईला मिळणार होती. नाव यादीत गेलेही होते. त्या दिवशी मी उलटलेल्या खुर्चीशेजारी पडलो होतो. माझा शर्ट छातीपर्यंत वर गेला होता आणि त्याच्या चुणीत एक बटण ठेवले होते. ते माझे नव्हते, मारेकऱ्याचे होते. सगळी परीक्षा त्या बटणावर होती.

ताई आत आली. हात पाठीमागेच होते. साहेब दाराशी कुणाच्या तरी कागदावर सही करायला वळले. तिने माझ्या उघड्या पोटाकडे पाहिले, आणि तिचा हात पुढे आला. तिने माझा शर्ट खाली ओढला. बटण टप्पकन पडले आणि घरंगळत कपाटापाशी गेले.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मित्रांनो. मी मेलेलाच, मला खोड नाही. तिला होती.

तिच्या जोडीला असलेला चष्मेवाला मुलगा कुजबुजला, "ताई, कुणी बघितलं नाही. परत ठेव ना तिथे!"

तिने बटण उचलले. मग ते टेबलावर ठेवून तिने अहवालात लिहिले, 'फोटो काढण्यापूर्वी मी शर्ट ओढला. बटण मूळ जागी नाही.'

साहेबांनी ते वाचले. "खऱ्या जागी हा पुरावा गेला असता. नापास करावं लागेल."

"करा," ती म्हणाली.

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. सहा महिन्यांनी ताई पुन्हा परीक्षेला बसली. या वेळी तिने कपड्यांना खिसे शिवून घेतले होते, चांगले खोल. ती पास झाली. पुढे जागा निघाल्यावर मुद्देमालाच्या खोलीत लागली, असे मी ऐकले.

मग कॉलेजात पडद्यावर खोली दाखवणारे यंत्र आले. माझी रवानगी जिन्याखालच्या अडगळीत झाली. माझा शर्ट गळ्यापर्यंत गुंडाळला गेला आणि पोटावर बादली आली. किती वर्षे गेली ते मी मोजले नाही. मला वाईटही वाटले नाही.

एके दिवशी ताई प्रमाणपत्राची नक्कल न्यायला आली. "काका, मामा कुठे असतो हल्ली?" तिने शिपायाला विचारले. त्याने अडगळीचे दार उघडून दिले.

हात खिशात घालून ती उभी राहिली. बादली, मोडकी खुर्ची, माझा शर्ट, सगळे तिने क्रमाने पाहिले.

"काका, ह्याचं काही काम बाकी आहे का? फोटो वगैरे?"

"कसला फोटो? उद्या भंगारात जाणार तो."

तेव्हा तिने हात बाहेर काढले. बादली उतरवली. शर्ट खाली ओढला, बटणे लावली, लहान मुलाला घास भरवावा इतक्या सावकाश माझे तोंड पुसले. आणि मग तिथेच जिन्याखाली बसून ती रडली. खूप रडली. शिपाईकाका बाहेर जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, घाईने हात लावू नका, आधी नीट बघा. पण बघून झाल्यावर कुणाला उघडे टाकून जाऊ नका, माझ्यासारख्यालाही नाही.

भंगारवाला अजून आलेला नाही. माझी सगळी बटणे लावलेली आहेत.