लालसर सोन्याच्या दोन कड्या

पोपट अहिरेला लकवा मारला तो दिवाळीनंतर आठ दिवसांनी, नळावर हंडा भरताना. डावं अंग गेलं आणि वाचाही गेली. दवाखान्यात डावा हात कोपरापर्यंत सुजला आणि मनगटावरच्या घड्याळाचा सोन्याचा पट्टा मांसात रुतायला लागला. पट्ट्याचा चाप उघडून पाहिला, पण सुजलेल्या पंजावरून पट्टा सरकेना. शेवटी वॉर्डातल्या माणसाने पकड लावून तो तोडला. घड्याळ वाचलं. पट्ट्याच्या दोन कड्या मात्र गेल्या. एक चेपून निकामी झाली, दुसरी पलंगाखाली उडाली आणि सकाळच्या झाडूबरोबर कुठे गेली कळलं नाही.

त्याच्या बायकोला, रंभाबाईला, तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. माणूस राहतो की जातो अशी वेळ होती. तिने घड्याळ पदरात बांधलं आणि विसरून गेली.

घड्याळ तसं वस्तीत सगळ्यांच्या ओळखीचं. तीसेक वर्षांपूर्वी सुरतेच्या मिलमध्ये आग लागली, तेव्हा पोपटने विणकाम खात्याच्या पारशी मास्तरला पाठीवर घालून धुरातून बाहेर आणलं होतं. मास्तर बरा झाल्यावर पोपटच्या खोलीवर आला, चहा प्यायला, आणि स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून पोपटच्या हातात घालून गेला. कामगाराच्या मनगटावर सोनं पाहून काही लोक हसले, काहींनी भलतासलता संशय घेतला. पोपट ते घालूनच कामावर जात राहिला. पाळीवर जाणारे लोक पुढे त्यालाच वेळ विचारायला लागले. मिल बंद पडली, शहराच्या कडेला नवागामला घर झालं, तरी घड्याळ मनगटावरून हललं नाही.

महिन्याने त्याला घरी आणलं. सूज उतरली होती. तेव्हापासून एक सुरू झालं. उजव्या हाताची दोन बोटं तो डाव्या मनगटावर आणून ठेवायचा, दाबायचा आणि रंभाबाईकडे बघत राहायचा. तोंडातून नुसता ‘आं, आं’ असा आवाज.

“घड्याळ जोयजे का तुम्हले?” घड्याळ हवं का, असं तिने त्यांच्या अहिराणीत विचारलं.

त्याने डोळे मिटले. रंभाबाईने ते ‘हो’ धरलं.

मुलगा प्रज्ञेश पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात कामाला होता. त्याने घड्याळाला चामड्याचा पट्टा लावून आणला. पोपटने चांगल्या हाताने तो ओढून गादीवर टाकला. मग वाल्मिक घड्याळजीने, म्हणजे दिंडोलीच्या रस्त्यावर टेबल मांडून बसणाऱ्या त्यांच्याच गावाकडच्या माणसाने, जुन्या पट्ट्यात सोन्याचं पाणी दिलेल्या दोन कड्या बसवून दिल्या. पोपटने बोटाने एकेक कडी चाचपली. त्या दोन कड्यांपाशी बोट थांबलं आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

प्रज्ञेश म्हणाला, आई, त्यांना आता काही कळत नाही, तू उगाच जीव काढू नकोस. कळत नसतं तर नेमक्या त्याच कड्यांवर बोट कसं थांबलं असतं, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

शेजारची कलाबाई दुपारभर पोपटजवळ बसायला तयार झाली, तशी रंभाबाई घड्याळ घेऊन भागळच्या बाजारात गेली. आयुष्य सुरतेत गेलं, पण घड्याळाच्या दुकानाची पायरी ती कधी चढली नव्हती. तीन दुकानांनी पट्टा हातातही न घेता परत दिला. चौथं दुकान मगनभाईंचं. म्हातारा माणूस. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ पट्टा उलटसुलट केला.

“बेन, यात कुठल्याही दोन कड्या सारख्या नाहीत,” ते म्हणाले. “घड्याळापाशी रुंद, खाली येईल तशी प्रत्येक कडी केसभर अरुंद होत जाते. तुमची चौथी आणि पाचवी गेली आहे. दुसऱ्या कुठल्या चालणार नाहीत.”

कंपनीने हा पट्टा बनवणं कधीच बंद केलं होतं. मगनभाईंनी ओळखीच्या सोनाराकडे पाठवलं. सोनाराने नमुना बघून दोन कड्या घडवून दिल्या, मापही जवळपास साधलं. पण त्याचं सोनं पिवळं, पट्ट्याचं लालसर. आणि वळताना नव्या कड्या कातडी चिमटीत धरत. पोपटच्या मनगटावर लाल वळ उठला. रंभाबाईने तो पट्टा स्वतःच काढून घेतला आणि मोरीपाशी जाऊन रडून आली.

त्यानंतर ती दर आठवड्याला मगनभाईंच्या दुकानात जाऊन उभी राहू लागली. ते नकारार्थी मान हलवायचे, ती परत फिरायची. घरी आली की पोपटची बोटं मनगटावर असायची. कधी कधी तिला वाटायचं, आज जाऊच नये. पण त्या नजरेसमोर नुसतं बसून राहणं त्याहून अवघड होतं.

होळीच्या सुमाराला मगनभाईंनी तिला एक पत्ता दिला. बारडोलीत पार्वतीबेन नावाच्या विधवा बाईकडे याच बनावटीचा, आतून हाच आकडा कोरलेला पट्टा होता. घड्याळ हरवलेलं, पट्टा तेवढा उरलेला.

रंभाबाई एस.टी.ने बारडोलीला गेली. पार्वतीबेनने तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. रंभाबाईने मोडक्यातोडक्या गुजरातीत सगळं सांगितलं. बाईने डबीतून पट्टा काढला आणि दोघींनी ते दोन पट्टे जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. तोच रंग. चौथी आणि पाचवी कडी तिथे होती.

पार्वतीबेन पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली. हा पट्टा आपण मोडणार नाही असं ती मुलांना सांगत आली होती, हे तिने मग सांगितलं. पट्टा नवऱ्याचा होता, आणि शेवटी त्यांचीही वाचा गेली होती.

“बोलणं बंद झाल्यावर ते किती दिवस राहिले?” रंभाबाईने विचारलं. का विचारलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

“अकरा,” पार्वतीबेन म्हणाली. “काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मला नाही समजलं.”

मग तिने पट्टा पुढे सरकवला. रंभाबाईने सोनाराने घडवलेल्या पिवळ्या कड्या तिच्या हातावर ठेवल्या. सोन्याला सोनं. पार्वतीबेनने पट्टा आणि कड्या एकत्र बांधून तिच्याबरोबर दिल्या. दुसऱ्या दिवशी मगनभाईंनी पार्वतीबेनच्या पट्ट्यातल्या दोन कड्या काढून घेतल्या, त्या जागी पिवळ्या बसवल्या आणि तो पट्टा बारडोलीला पाठवून दिला. मग त्यांनी पोपटचं घड्याळ जुळवलं, पुसलं, चावी देऊन कानाला लावलं आणि मजुरी घ्यायला नको म्हणाले.

रंभाबाई घरी आली ती जवळजवळ धावतच. कलाबाईला तिने थांबवून घेतलं. पोपटचा हात मांडीवर घेऊन तिने पट्टा चढवला. कड्या पाण्यासारख्या वळल्या. पोपटने बोटाने चाचपलं, एकेक कडी, शेवटपर्यंत. कुठेही थांबला नाही. कलाबाईने हात जोडले.

मग त्याची दोन बोटं घड्याळाच्या वर सरकली, मनगटावर दाबली गेली, आणि तो रंभाबाईकडे बघायला लागला.

“आं,” तो म्हणाला. “आं.”

तिला वाटलं, पट्टा सैल असेल. तिने वर सरकवून पाहिला. मग काढून पाहिला, पुन्हा घातला. “हात दुखस का? पानी जोयजे?” प्रत्येक वेळी त्याने डोळे मिटले आणि उघडले. तेव्हा तिच्या लक्षात आलं की डोळे तो कशालाही मिटतो.

प्रज्ञेश संध्याकाळी आला. त्याने वडिलांच्या हातातलं घड्याळ पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि हातपाय धुवायला गेला.

पुढचे दिवस तसेच गेले. बोटं मनगटावर, नजर तिच्यावर. त्याला मास्तरबद्दल काही सांगायचं होतं, की जुन्या आगीबद्दल, की नाडी बघ म्हणत होता, की तिचा हात हवा होता, तिने सगळं धरून पाहिलं. तिने हात हातात घेतला तरी बोटं सुटून तिथेच जात.

एका दुपारी दुसरं काही सुचेना म्हणून ती घड्याळावर वाकली.

“पावनेपाच वाजनात,” ती म्हणाली.

बोटं थांबली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, जणू पुढचं ऐकायचं आहे. रंभाबाईकडे पुढचं काही नव्हतं. थोड्या वेळाने बोटं पुन्हा मनगटावर आली. ती पुन्हा वाकली आणि तिने पुन्हा वेळ सांगितली.